कढईतला धूर आणि आजीचा प्रश्न

परवा ऑफिसच्या पार्टीत ‘स्मोक्ड पनीर’ नावाची डिश आली. मोजून चार तुकडे, वर पुदिन्याचं एक पान, आणि किंमत बघून घाम! पण पहिला घास घेतला आणि मी थेट साताऱ्याकडच्या आमच्या गावी पोचले, आजीच्या चुलीपाशी. चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरिताची तीच धुरकट चव! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला, की ही चव आपल्या वन बीएचकेत आणता येईल का?

येते. त्यासाठी महागडा स्मोकर नको की अंगण नको. जुनी लोखंडी कढई बास.

फंडा सिंपल आहे. लाकूड भडकू न देता धुमसत ठेवलं, की त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होऊन धुरात उतरतात. आपण जिला ‘स्मोकी’ म्हणतो ती चव आणि तो वास त्यांचाच. लाकूड नसेल तर चिनी स्वयंपाकातली युक्ती वापरा. सिचुआनमध्ये बदकाला चहाच्या धुराची चव देतात. आपण पनीरला देऊ!

कढईच्या तळाला अॅल्युमिनियम फॉइल घाला. त्यावर दोन-दोन चमचे तांदूळ, साखर आणि चहा पावडर पसरा. मोदकपात्रातली चाळणी त्याच्या दोन-तीन इंच वर बसेल असं बघा. झाकणाच्या कडेला कणकेची वळी आधीच लावून ठेवा. गॅस मोठा करा, धूर दिसायला लागला की चाळणीवर पनीर ठेवा, झाकण दाबून बसवा आणि आच मंद करा. दहा मिनिटांनी गॅस बंद. पुढची दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही!

माझा पहिला प्रयोग सपशेल फसला. पनीर ओलंच ठेवलं होतं आणि आच मोठी राहिली. साखर जळून कोळसा, पनीर कडूजहर, आणि दारात शेजारच्या काकू, ‘‘अगं, काही जळतंय का?’’ तेव्हा पनीर फडक्याने टिपून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. उकडलेली अंडी, मक्याचे दाणे, चटणीचे टोमॅटोही मस्त होतात. चिकन मात्र आधी पूर्ण शिजवून घ्या. एवढ्याशा धुराने ते आतून शिजत नाही.

आणखी काही पथ्यं. नॉनस्टिक कढई नको, रिकामी तापली तर तिच्या थरातून घातक वाफा निघतात. सुताराकडचा भुसाही नको, त्यात प्लायवूडचा गोंद असू शकतो. एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसऱ्या खेपेचं पनीर फर्स्ट क्लास जमलं. रविवारी डबा भरून आईकडे गेले. आजी हल्ली तिथेच असते. मागे तिचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘‘आजी, बिडी ओढता का?’’ जन्मात कधी तंबाखूला हात न लावलेली आजी नुसती हसली होती. घरात गॅस येईपर्यंत चाळीस वर्षं ती रोज दोन वेळा त्या चुलीपुढे बसली. आमच्या वाट्याला भरिताची चव आली, तिच्या वाट्याला तो धूर.

तिने एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

‘‘छान झालंय गं,’’ ती म्हणाली. ‘‘पण खिडकी उघडी ठेवली होतीस ना?’’