पक्षाघातावर वृद्धिघटकांचा प्रयोग

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असते; परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. म्हणूनच मेंदूकडे जाणारी एखादी रोहिणी रक्ताच्या गुठळीने बंद झाली, की काही मिनिटांतच तेथील चेतापेशी मरू लागतात. पक्षाघाताच्या बहुतेक झटक्यांचे हेच कारण होय. सभोवतालच्या भागातील पेशी मात्र काही तास निष्क्रिय, पण जिवंत असतात. त्यांना वाचविता येईल काय, हा संशोधकांपुढील प्रश्न आहे.

उंदरांवरील यश

पेशींची वाढ व जोपासना करणारी काही प्रथिने शरीर स्वतःच निर्माण करते. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. या घटकांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील एक मुख्य रोहिणी बंद करून फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक शिरेतून दिला. तो लवकर दिल्यास मेंदूची हानी कमी झाली. बोस्टन येथील प्रयोगांत तो एक दिवस उलटल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवात सोडण्यात आला. तेव्हा मृत भाग तेवढाच राहिला, तरीही उंदरांच्या पायांची हालचाल सुधारली. उरलेल्या चेतापेशींना नवे धागे फुटून त्यांनी नवी जोडणी केली असावी, असा निष्कर्ष निघाला.

माणसांवरील अनुभव

युरोप व ऑस्ट्रेलियातील २८६ रुग्णांना सहा तासांच्या आत हे औषध देऊन पाहण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत निश्चित लाभ दिसला नाही. उलट काहींचा रक्तदाब उतरला. श्वेतपेशी वाढविणाऱ्या दुसऱ्या एका घटकाची ३२८ रुग्णांवरील चाचणीही २०१३ मध्ये निष्फळ ठरली.

असे का व्हावे? प्रयोगशाळेतील उंदीर बहुधा तरुण व निरोगी असतात आणि त्यांच्या झटक्याची वेळ मिनिटासह ठाऊक असते. रुग्ण मात्र बहुधा वयस्क, मधुमेह वा रक्तदाबाने ग्रस्त आणि उशिरा पोहोचलेला असतो. म्हणूनच वृद्ध व आजारी प्राण्यांवरही औषध पारखावे, असा आग्रह तज्ज्ञ धरतात.

आज हाती काय?

गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तत्पूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही, याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. तेव्हा तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे वा बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण एकाएकी दिसले, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मेंदूच्या पेशी वाचविण्याचा तोच आजचा खात्रीचा मार्ग आहे.