आर्सेनिक आहे, पण कोणते?

रविवारी सुरमईचे कालवण आणि तळलेली कोळंबी. सोमवारी सकाळी रक्त-लघवीची तपासणी. पॅकेजमध्ये 'जड धातू' होतेच, म्हणून तेही. बुधवारी अहवालात आर्सेनिकपुढे ठळक अक्षरांतला आकडा आणि घरात घबराट. पाणी बिघडले का? कुणी काही घातले तर नाही? असा आकडा बहुधा खोटा नसतो, अपुरा असतो.

आर्सेनिक शरीरात एकाच रूपात येत नाही. भूजलातून येणारी आर्सेनाइट आणि आर्सेनेट ही असेंद्रिय रूपे घातक असतात. पश्चिम बंगाल व बांगलादेशात कूपनलिकांचे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्यांच्या तळहात-तळपायांची कातडी जाड झाली, अंगावर डाग उठले, पुढे काहींना कर्करोग झाला, तो याच रूपांमुळे. मासे, कोळंबी, खेकडे यांत मात्र बहुतांश आर्सेनिक 'आर्सेनोबीटेन' या सेंद्रिय रूपात असते. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियात ते शेवंडीत ओळखले गेले. शरीर त्याला हात लावत नाही. बहुतांश दोन-तीन दिवसांत जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते.

मग अहवालात हा फरक का दिसत नाही? आर्सेनिक मोजणारे आयसीपी-एमएस हे यंत्र लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी प्रमाण पकडते. पण त्यातला आर्गॉन वायूचा प्लाझ्मा हजारो अंश तापलेला असतो. त्यात रेणू फुटतात, उरतात सुटे अणू, आणि यंत्र 75 वस्तुमानाचे अणू मोजते. गिरणीतून पीठ आल्यावर कोणता दाणा कुठल्या शेतातला हे कसे सांगणार? शिवाय लघवीतल्या मिठाचा क्लोरीन आर्गॉनला चिकटला की त्या जोडीचे वस्तुमानही 75 भरते. ते टाळायचे उपाय यंत्रात असतात. ते वापरले नाहीत, तर मीठही आर्सेनिक म्हणून मोजले जाते.

म्हणून वेगळे करायचे ते प्लाझ्माच्या आधी. इथे द्रव क्रोमॅटोग्राफी कामी येते. बोटाएवढ्या जाडीच्या किंवा त्याहून बारीक नळीत राळेचे सूक्ष्म मणी ठासून भरलेले असतात आणि त्यांच्यावर धन प्रभार असतो. पंपाने ढकललेल्या द्रावणाबरोबर नमुना त्यातून जातो. आर्सेनोबीटेनला मणी फारसे धरत नाहीत, ते लवकर बाहेर पडते. आर्सेनाइटवर साधारण उदासीन द्रावणात प्रभारच नसतो, त्यामुळे तेही लवकर येते. या दोघांना एकमेकांपासून सोडवणे हे प्रयोगशाळेचे खरे कसब. यकृताने मिथाइल गट जोडून बनवलेली दोन रूपे त्यांच्यामागून येतात. ऋण प्रभाराचे आर्सेनेट मण्यांना घट्ट धरून बसते आणि सर्वांत शेवटी निघते. क्लोराइडही आपल्या वेळेला येते, म्हणून त्याची लबाडी ओळखता येते. कागदावर एका आकड्याऐवजी ओळीने शिखरे उमटतात.

डॉक्टरने बघायचे ते असेंद्रिय रूपे आणि त्यांपासून यकृतात बनलेली रूपे, यांची बेरीज. ती कमी आणि आर्सेनोबीटेन भरपूर, तर रुग्णाला औषध लागत नाही. हे न पाहता नुसत्या एकूण आकड्यावरून धातू काढायची औषधे सुरू करणे चुकीचेच आहे. त्यातले डायमरकॅप्रॉल स्नायूत खोलवर टोचावे लागते, ते दुखते आणि त्याचे दुष्परिणामही आहेत. एक मेख इथेही आहे: शिंपल्यांतले व समुद्री शेवाळातले काही आर्सेनिक शरीरात मोडून त्याच मिथाइल रूपांपैकी एक बनते, त्यामुळे बेरीज थोडी फुगू शकते.

नियोजित तपासणीआधी चार-पाच दिवस समुद्री खाणे बंद ठेवावे. रूपे वेगळी करून हवी असतील, तर ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे, कारण एकूण आर्सेनिकसाठी बाटलीत आम्ल घालण्याची पद्धत इथे चालत नाही. त्याने रूपेच बदलू शकतात. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, थंड ठेवून, लवकर पोहोचवावा. विषबाधेची शंका असेल आणि रुग्णाला उलट्या-जुलाब होत असतील, तर मात्र चार दिवस थांबायचे नाही. नमुना लगेच घ्यायचा, उपचार अहवालाची वाट न पाहता सुरू करायचे, आणि आदल्या दिवशी काय खाल्ले ते केसपेपरवर लिहून ठेवायचे.