चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर

मे 2024 मधल्या पुण्याच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध घरोघरी पोहोचला. अल्पवयीन आरोपीला सोडणं म्हणजे न्यायाची थट्टा, असं तेव्हापासून अनेकांच्या मनात बसलं. पण तो निबंध ही जामिनाची अट होती. दोष सिद्ध झाल्यावर कैदेऐवजी देखरेखीखाली घरी ठेवणं, ही परिविक्षा. आपल्याकडे ती जुनी आहे. नागपूरजवळचं कळमेश्वर मध्य प्रांतात होतं, तेव्हा 1936 मध्येच प्रांताने तसा कायदा केला. मुंबई इलाख्याचा 1938 मध्ये आला आणि देशाचा 1958 मध्ये.

समजा, कळमेश्वरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराने मोटारसायकल चोरली. गुन्हा जन्मठेपेचा नसेल आणि आरोपी एकविशीच्या आत असेल, तर 1958 च्या कायद्याचं कलम 6 न्यायाधीशांना आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला लावतं. त्यानंतरही कैदच द्यायची, तर कारणं लिहून द्यावी लागतात. पोरगा सतराचा असता तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं असतं, आणि तारखेला सोबत यावं लागल्याने आईची मजुरी बुडाली असती.

खरी मदार अहवालावर. बाल न्याय नियमांतला नमुना खोलात शिरतो: शाळा का सुटली? मित्र बरोबरीचे की वयाने मोठे? कमाई घरी देतो की दारू-जुगारात घालवतो? जगभरच्या अभ्यासांतही पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्या मुलांच्या मागे हेच दिसत आलं आहे: कोवळ्या वयातला पहिला गुन्हा, सुटलेली शाळा, वाईट संगत, लक्ष द्यायला घरात कोणी नसणं. पाय घसरतो तो बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच. चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं, पण माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांत अधिकारी घरी किती वेळा आला, यावर बरंच काही ठरतं. पोलिसांच्या कागदांवरून कचेरीत बसून लिहिलेला अहवाल त्या मुलाच्या काय कामाचा? म्हणून पहिल्या गृहभेटीची तारीख न्यायालयाच्या आदेशातच असावी.

अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. अटी पाळल्या, तर कलम 12 मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही. सतराव्या वर्षीच्या गुन्ह्याच्या नोंदी, काही गंभीर प्रकरणं सोडता, मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. एकोणिसाव्या वर्षीच्या राहतात, आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना त्या पोराने काय लिहायचं, हे त्याला समजावून सांगायला कोणीच नसतं.