अनोळखी मृताची ओळख : अस्थी, चेहरा आणि वंशावळ

खुनाच्या तपासात मृत व्यक्ती कोण, हा प्रश्न सामान्यतः आरंभीच सुटलेला असतो, आणि म्हणूनच त्याचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. मृताचे नाव कळले की त्याचे घर, शेजार, व्यवहार व वैर ही सारी तपासाच्या कक्षेत येतात. नाव नसेल, तर चौकशी कोणाची करावयाची हेच ठरत नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या फॉक्स चेस भागात फेब्रुवारी १९५७ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात एका लहान मुलाचे प्रेत सापडले. अंगावर कपडे नव्हते. प्रेत घोंगडीत गुंडाळलेले होते व डोक्यावरचे केस नुकतेच वेडेवाकडे कापलेले होते. मृत्यू मारहाणीने झालेला होता. पोलिसांनी मुलाच्या छायाचित्राची लाखो पत्रके वाटली. गॅसच्या बिलांबरोबरही ती घरोघर गेली. खोके एका दुकानातून विकल्या गेलेल्या पाळण्याचे होते, एवढे कळले. बोटांचे व पावलांचे ठसे घेऊन रुग्णालयांतील नवजात बालकांच्या ठशांशी ताडून पाहण्यात आले. तरीही नाव मिळाले नाही.

या अपयशाचे कारण पोलिसांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. ओळख पटविणे म्हणजे तुलना करणे, आणि तुलनेस दुसरी बाजू लागते. बोटाचा ठसा कितीही स्पष्ट असला, तरी तो पूर्वी कोठे तरी नोंदलेला असल्याखेरीज मुका राहतो, दातांचेही तसेच. चार-सहा वर्षांच्या मुलाची अशी नोंद कोठून असणार?

दुसरी बाजू शोधण्याचा एक मार्ग चेहऱ्याचा आहे. वेल्समधील कार्डिफ येथे डिसेंबर १९८९ मध्ये एका घरामागे खोदकाम करताना सतरंजीत गुंडाळलेला सांगाडा निघाला. रिचर्ड नीव्ह यांनी कवटीवर मातीचा चेहरा उभा केला, आणि तो प्रसिद्ध होताच काहींना १९८१ पासून बेपत्ता असलेल्या एका मुलीची आठवण झाली. येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. असा चेहरा हा पुरावा नव्हे; नाकाचे टोक, ओठ, कान यांविषयी हाड फारसे काही सांगत नाही. त्याचे काम कोणाच्या तरी स्मृतीला हाक घालण्याचे. पुरावा नंतर आला : एरिका हॅगलबर्ग यांनी हाडातून डीएनए वेगळा केला, ॲलेक जेफ्रीज यांच्या सहकार्याने त्याची मुलीच्या आईवडिलांच्या डीएनएशी तुलना झाली, आणि हे काम १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र या पद्धतीलाही आईवडील कोण असावेत हे आधी सुचावे लागते. फिलाडेल्फियाच्या मुलाचे प्रेत १९९८ मध्ये उकरून दातातून सूत्रकणिकांचा डीएनए मिळविण्यात आला. तो केवळ आईच्या बाजूने उतरतो. एखादे सुचविलेले कुटुंब त्यामुळे वगळता येत होते, परंतु नवे सुचत नव्हते.

ही अडचण वंशावळीच्या पद्धतीने दूर केली. पोलिसी संग्रहात डीएनएवरील वीसेक स्थाने नोंदतात; आईवडील व मुले यांसारखे अगदी निकटचे नाते पडताळण्यास ती पुरतात. याउलट लक्षावधी स्थाने वाचली, तर दूरचे आप्तही सापडतात. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी १/८, त्यापुढच्या पिढीत १/३२ व तिसऱ्या पिढीत १/१२८ एवढा अंश समान असतो. लोकांनी स्वेच्छेने खुल्या संग्रहात ठेवलेल्या नोंदींशी असा अंश जुळला की समान पूर्वज शोधावयाचा आणि तेथून जन्म-विवाहांच्या नोंदी घेऊन खाली उतरावयाचे. हे काम प्रयोगशाळेपेक्षा दप्तरखान्याचे अधिक आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या विवाह एकाच समूहात होतात, तेथे दूरचे नातेही जवळचे भासते आणि हिशोब चुकतो. आपल्याकडील समाजरचना पाहता अभ्यासकांनी हा दोष विसरून चालणार नाही. शिवाय ज्यांच्या आप्तांनी नोंदच केलेली नाही, त्यांच्याबाबतीत ही पद्धत पूर्वीच्या ठशांइतकीच हतबल ठरते.

फिलाडेल्फियात २०१९ मध्ये प्रेत पुन्हा उकरण्यात आले. डीएनए इतका जीर्ण झाला होता की तो वाचण्यायोग्य करण्यातच दोन वर्षांहून अधिक काळ गेला. प्रथम आईकडील आप्त मिळाले. मग न्यायालयाच्या आज्ञेने जन्मनोंदी पाहून पित्याचे नाव काढण्यात आले. ८ डिसेंबर २०२२ रोजी पोलिसांनी मुलाचे नाव जाहीर केले : जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. तोपर्यंत आईवडील दोघेही मृत झाले होते. खून कोणी केला, याविषयी पोलिसांनी संशय असल्याचे सांगितले, पण नाव घेतले नाही. ‘अमेरिकेचे अनोळखी मूल’ अशा शब्दांनी ओळखल्या गेलेल्या त्या थडग्यावर जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नाव कोरलेली शिळा बसविण्यात आली. खुनाचा तपास मात्र मिटलेला नव्हता.