ज्याचे नाव चिठ्ठीवर नसते

दिग्रसच्या औषधाच्या दुकानात सत्तरीच्या एखाद्या आजींसाठी रिस्पेरिडोनची गोळी मागितली, तर चिठ्ठीवर बहुधा अर्धा किंवा एक मिलिग्रॅम एवढाच आकडा असतो. चिठ्ठी यवतमाळची असो, सावंगीची की नागपूरची. म्हाताऱ्या माणसाला मनोविकाराचे औषध थोडक्यात सुरू करायचे आणि बेताबेताने चढवायचे, हा आता शिरस्ताच झाला आहे. तो कुणा एकाने घालून दिला असे नाही. पण त्यामागची भक्कम आकडेवारी ज्यांनी जमवली, त्यांच्यात एक मराठी नाव बरेच वर आहे: डॉ. दिलीप जेस्ते.

जन्म पिंपळगावचा, १९४४चा. एमबीबीएस पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात, मानसोपचाराचे शिक्षण मुंबईत केईएमला. किशोरवयात फ्रॉइडची स्वप्नांवरची आणि रोजच्या चुकांवरची पुस्तके हाती लागली आणि माणसाच्या डोक्यात काय चालते याचा नाद लागला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. केईएमला तेव्हा डॉ. एन. एस. वाहिया होते. पतंजलीच्या योगसूत्रांवर बेतलेली उपचारपद्धती ते मनोविकारांच्या बाह्यरुग्णांवर रीतसर तपासून पाहत होते. १९७३ साली त्यावर जे निबंध छापून आले, त्यांत वाहिया आणि दूंगाजी यांच्यासोबत तरुण जेस्त्यांचेही नाव आहे. योगाला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळाली म्हणून आपण तो तपासायला लागलो, असे मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

१९७४ साली ते अमेरिकेला गेले. काही वर्षे तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काढून १९८६पासून सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रमले. तिथे वृद्धांच्या मानसोपचाराचा विभाग त्यांनी उभा केला. सातशेहून अधिक शोधनिबंध, दोन जागतिक नियतकालिकांचे संपादन, २०१२-१३ साली अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्षपद. त्या पदावर बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे अमेरिकन. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे पुस्तक उघडतात, त्याची पाचवी आवृत्ती मे २०१३मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत प्रसिद्ध झाली.

संशोधकाचे वजन मोजण्याचे आजचे माप म्हणजे एच-इंडेक्स. ज्याचे पन्नास निबंध प्रत्येकी निदान पन्नासदा उद्धृत झाले, त्याचा आकडा पन्नास. गंमत अशी की हे माप २००५ साली काढणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श हे सॅन डिएगोच्या त्याच विद्यापीठातले. या मापात जेस्ते मोठे ठरतात, त्याबद्दल वाद नाही. मात्र एखादी गोष्ट सर्वमान्य झाली, की तिचा मूळ निबंध उद्धृत करायचे लोक सोडून देतात. ती पाठ्यपुस्तकात जाते, तिथून निवासी डॉक्टरच्या सवयीत जाते, आणि तिथे नावाची मोजणी थांबते. जेस्त्यांचे सर्वांत टिकाऊ काम असेच मुरून गेले आहे, असे मला वाटते.

ते काम तोंडाच्या चाळ्याचे. हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधे बराच काळ घेतलेल्या काही रुग्णांची जीभ आपोआप आत-बाहेर होते, ओठ मुरडतात, जबडा चघळल्यासारखा हलत राहतो. वैद्यकात याला टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात. गावात मात्र त्याला ‘म्हातारपणाची सवय’ किंवा ‘वेडाचे लक्षण’ समजले जाते, आणि दोन्ही समज खोटे आहेत. औषध थांबवले तरी हा त्रास कित्येकदा जात नाही. जेस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६६ मध्यमवयीन व वृद्ध बाह्यरुग्णांचा पाठपुरावा करून १९९५ साली निष्कर्ष मांडला: पहिल्या वर्षाअखेर २६ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर ५२ टक्के आणि तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के रुग्णांत ही हालचाल सुरू झालेली होती. तरुणांत हेच प्रमाण वर्षाला चार-पाच टक्क्यांच्या आसपास असते. आणि वृद्धांना दिलेले डोस काही मोठे नव्हते.

१९९९ साली त्यांनी रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉल यांची वृद्धांत तुलना केली. नव्या औषधाने हा त्रास बराच कमी होतो असे दिसले, आणि नव्या गोळ्यांकडे जो ओघ वळला त्याला अशा निबंधांचाही हातभार लागला. एखादा इथेच थांबला असता. पण २०१३ साली याच गटाने चाळिशीपुढच्या ३३२ रुग्णांवर चार नवी औषधे तपासली. एका वर्षात ३६.५ टक्के जणांना नव्याने मेटाबॉलिक सिंड्रोम जडला, म्हणजे पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, चरबी यांतले बरेचसे एकदम बिघडले. मनोविकाराच्या लक्षणांत मात्र ठळक सुधारणा दिसली नाही. चारांपैकी क्वेटियापिनची शाखा तर गंभीर दुष्परिणामांमुळे मध्येच बंद करावी लागली. ज्या औषधांची बाजू आपणच घेतली, त्यांच्याविरुद्ध आकडे छापायचे, हे विद्वत्तेचे लक्षण मी उद्धरणांच्या संख्येपेक्षा वरचे मानतो.

आता मेंदूच्या चित्रांकडे. वर्तमानपत्रांनी जेस्त्यांना उचलून धरले ते या चित्रांच्या जोरावर. त्यांच्या गटाने एमआरआय पूर्वीपासून वापरला आहे. १९९५च्याच एका निबंधात उतारवयात सुरू झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या आढळल्या. गट लहान होता आणि दावाही बेताचाच होता. २००९ साली थॉमस मीक्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या निबंधाने मात्र खळबळ उडवली. विषय होता शहाणपणाचे मेंदूविज्ञान. परोपकार, व्यवहारातला विवेक, भावनांचा तोल, आत्मपरीक्षण, दुसऱ्याच्या मूल्यांबद्दल सहिष्णुता आणि अनिश्चिततेशी जुळवून घेणे असे शहाणपणाचे सहा घटक त्यांनी धरले. प्रत्येकाच्या वेळी मेंदूचा कोणता भाग उजळतो, ते इतरांच्या अभ्यासांतून वेचले आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग व खोलवरचा लिंबिक स्ट्रायाटम यांचा एक जाळ्यासारखा नकाशा मांडला.

इथे सावध राहावे लागते. या निबंधासाठी कुणालाही यंत्रात झोपवलेले नव्हते. तो आधीच्या वाङ्मयाचा आढावा होता, आणि लेखकांनी तो अंदाज म्हणूनच मांडला होता. बातम्यांत ‘अंदाज’ तेवढा गळाला. शिवाय परोपकाराच्या वेळी जो भाग उजळतो, तोच पैशाच्या लोभातही उजळू शकतो. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात १०८ जणांच्या मेंदूची एकच माहिती ७० गटांना दिली गेली. कोणत्याही दोन गटांनी ती एकाच पद्धतीने तपासली नाही आणि कित्येक प्रश्नांवर उत्तरेही वेगळी आली. यंत्रातून बाहेर पडणारे रंगीत चित्र म्हणजे काही कॅमेऱ्याने टिपलेला फोटो नव्हे. ते गणिताच्या अनेक निवडींतून बनते.

शहाणपणाचा हा शोध त्यांनी गीतेपर्यंत नेला. २००८ साली इप्सित वाहियांसोबतच्या निबंधात त्यांनी गीतेच्या इंग्रजी अनुवादांत शहाणपणाचे उल्लेख शोधून त्यांचे विषयवार वर्गीकरण केले. पवनारच्या वाटेवर वाढलेल्या वैदर्भीय वाचकाला याचे थोडे हसू येईल. विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या अठरा श्लोकांवर आख्खे पुस्तक दिले, आणि इथे अनुवादातले शब्द मोजायचे! तरीही पाश्चात्त्य मानसोपचाराच्या नियतकालिकात भावनांचे नियमन आणि निष्काम कर्म एकाच तक्त्यात आणून बसवणे ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे २०१७ साली त्यांच्या गटाने २४ प्रश्नांची शहाणपणाची मोजपट्टी काढली.

यातले आपल्याकडे काय पोहोचले? मेंदूचा एमआरआय काढायचा तर दिग्रसकर आजवर दारव्ह्यावरून यवतमाळ गाठत आला आहे, नाहीतर पुढे सावंगी, नागपूर. मनाच्या आजारात तर तो बऱ्याचदा कुठेच जात नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प चालला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारासाठी कुणाकडे तरी जात होते. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केल्यावर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मेंदूचे एकही चित्र न काढता.

म्हणजे उपचार घेणारे वाढणार, आणि त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षे गोळ्या लागणार. तोंडाचा चाळा वेळीच ओळखण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९७०च्या दशकातच एक साधी तपासणी ठरवून दिली आहे. तिला एम्स म्हणतात, दिल्लीच्या रुग्णालयाशी तिचा संबंध नाही. रुग्णाला हात नसलेल्या खुर्चीत बसवायचे, तोंडात काही नाही ना ते पाहायचे, दोनदा तोंड उघडायला आणि दोनदा जीभ बाहेर काढायला सांगायचे, अंगठ्यावर एकेक बोट टेकवायला लावायचे आणि त्या वेळी चेहरा व पाय यांवर नजर ठेवायची. दहा मिनिटांचे हे काम तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिकाही शिकू शकते. आजींची गोळी घ्यायला जाणाऱ्या नातवाने पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे, की ही तपासणी शेवटची कधी झाली आणि डोस आणखी कमी करता येईल का.