रेषेची चूक कीं रेषेचा प्राण?

घरांतील मुलानें माणसाचें चित्र काढून दाखविलें, कीं आपण प्रथम काय पाहतों? बोटें पांच आहेत ना, दोन्ही हात सारखे आले आहेत ना! प्रमाणबद्धता हा चित्रकलेचा पाया होय, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु पाया म्हणजे घर नव्हे. हा भेद फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ (१८४०-१९१७) यांच्या रेखाचित्रांत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

१८७७ सालीं रोदँ यांचा 'कांस्ययुग' हा पुतळा लोकांपुढें आला. तो इतका हुबेहूब होता कीं, जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा घेतला असावा, असा आरोप त्यांच्यावर झाला. शरीररचनेचें ज्ञान ज्यांना इतकें वश होतें, तेच उतारवयांत अशा रेषा ओढूं लागले कीं, एखाद्या परीक्षकानें त्यांवर खुशाल लाल शाई फिरवावी!

१९०६ सालीं कंबोडियाचे राजे सिसोवाथ यांच्यासमवेत त्यांच्या दरबारच्या नर्तकी फ्रान्समध्यें आल्या होत्या. पॅरिस येथें त्यांचें नृत्य पाहून पासष्ट वर्षांचे रोदँ इतके मोहित झाले कीं, ते त्यांच्या मागोमाग मार्सेय बंदरास गेले. त्या नृत्यावरील त्यांचीं सुमारें दीडशें चित्रें आहेत. नजर कागदाकडे न वळवितां पेन्सिल झरझर चालवावयाची, मागाहून निवडक चित्रें दुसऱ्या कागदावर गिरवून त्यांवर पातळ जलरंग द्यावयाचा, अशी त्यांची रीत होती.

या रीतींतील मर्म असें: दृष्टि कागदाकडे वळली, कीं तेवढ्या अवकाशांत नर्तकीचा हात पुढें गेलेला असतो, मग चित्रकार दिसलेलें सोडून पाठ असलेलें काढतो. दृष्टि न ढळली, तर एखादें बोट निसटेल, परंतु मनगटाचा बांक आणि पावलावरील भार निसटत नाहीं. एकाच दंडाच्या दोन रेषा शेजारीं राहिल्या, तर पाहणाराची नजर एकीवरून दुसरीवर जाते. तीच त्या चित्रांतील गति.

आपल्या शास्त्रासही हें परकें नाहीं. नृत्यशास्त्र जाणल्यावांचून चित्रसूत्र कळणें कठीण, असें विष्णुधर्मोत्तर पुराण सांगतें. आचार्य रेषेची वाखाणणी करितात आणि सामान्य जन रंगांनीं भुलतात, असेंही तेथें म्हटलें आहे. इकडे रोदँ यांनींही छायाचित्रें पाहून नटराजाच्या कांस्यमूर्तीवर लेख लिहिला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२१ सालीं, प्रसिद्ध झाला.

तेव्हां मुलांना देहाचीं प्रमाणें अवश्य शिकवावीं. परंतु आठवड्यांतून एक दिवस रबर बाजूस ठेवावें, आणि ताक घुसळणाऱ्या आजीकडे पाहत, कागदाकडे न पाहतां, तिच्या हातांचें चित्र काढावयास सांगावें. त्या दिवशीं मात्र बोटें मोजूं नयेत. दोरी कोणत्या हातानें ओढली जात आहे, तें चित्रावरून ओळखतां येतें कीं नाहीं, एवढेंच पाहावें.