बांधावरचा तरवड

थंडी सरत आली की तरवडाच्या चपट्या शेंगा तपकिरी होतात. शेंग बोटांत चुरली की दिसतं, प्रत्येक बी आपापल्या खणात बसलेलं. नखाने दाबून बघा, ओरखडासुद्धा उठत नाही. असं बी तसंच पेरलं तर थोडं यंदा उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, उरलेलं मनात येईल तेव्हा. अवर्षणाच्या मुलखात हे शहाणपणच, पण रोपवाटिकेत एवढा धीर कोणाला? पाणी उकळून चुलीवरून उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काही बिया फुगून मऊ झालेल्या असतात. त्या लगेच पिशवीत लावायच्या, बाकीच्यांना पुन्हा गरम पाणी. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून पिशवी उंच हवी. मला विचाराल तर पिशवीचा खटाटोपच नको. पहिला पाऊस झाला की भिजवलेलं बी सरळ बांधावर टोकावं.

शेंगवर्गातलं झाड म्हटलं की मुळांवर नत्राच्या गाठी असणार, असं आपण गृहीत धरतो. तरवडाचं रोप उपटून धुऊन बघा, मूळ साफ. तो नत्र धरत नाही. त्याची कमाई वेगळी. पाला कडू, त्यामुळे शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, आणि चरून उजाड झालेल्या माळावर माती धरून उभा राहतो तो हाच. सालीत टॅनिन भरपूर. दक्षिणेत कातडी कमावायला ही साल पोत्यांनी जायची. पुढे परदेशी वॅटलच्या सालीने तिचा बाजार खाल्ला. बांधावर लावायला आपण मध्य अमेरिकेतली गिरिपुष्प आणतो. ती नत्र देते, हिरवळीचं खत देते, कबूल. पण म्हणून घरचा तरवड मोडून तिथे ती लावायची, हे काही पटत नाही.

फुलोऱ्यात सकाळी उन्हं चढताना झुडपाशी थांबावं. या फुलात मध नाही, आहेत ते नुसते पराग, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकाआड कोंडलेले. मोठा काळा भुंगा येतो, वाकडे पुंकेसर पायांनी कवटाळतो आणि पंख मिटूनच अंग थरथरवतो. उडतानाची घरघर एकदम चढी होते आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर उडते. पानांवर पांढरट फुलपाखरं अंडी घालतात. हिरव्या अळ्यांनी डहाळी बोडकी केली तरी औषध मारू नये, ती पुन्हा फुटते.

तेलंगणात हाच ‘तंगेडू’ राज्यफूल आहे, बतुकम्मा सणातली फुलांची रास त्याच्यावाचून रचली जात नाही. आपल्याकडे घटाच्या माळेला तरवड लागतो. गावात तो फुकट तोडतात, शहरात दसऱ्यापर्यंत विकत घेतात. फुलं तोडताना शेंड्याच्या फांद्या ओरबाडू नयेत, कात्रीने घ्याव्यात. आणि माळ उतरल्यावर झुडूप गुडघ्याएवढं छाटलं, तरी बुंध्यातून नवे धुमारे येतात.